मढ ते वर्सोवा, साडेआठशे मीटर

“मदत निघाली आहे. रुग्णाला हलवू नका.”

हे मी लिहिलंय. सगळे मिळून सहा शब्द, आणि ते जमवायला मला तीन आठवडे लागले. हसू येईल, पण आमच्या धंद्यात असंच असतं. अंधेरीतल्या एका छोट्या डिझाइन कंपनीत मी नोकरी करते. फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय दिसायला हवं, कुठे दिसायला हवं आणि काय अजिबात दिसता कामा नये, ते ठरवणं हे माझं काम. त्यातलं शेवटचं मला सगळ्यात चांगलं जमतं, अशी माझी ख्याती होती. मी पडद्यावरून वस्तू काढून टाकते. लोक चार बटणं मागतात, मी एक देते आणि वर त्यांनाच पटवते.

उपनगरांत रुग्णवाहिका पाठवणारी एक खाजगी सेवा आमच्याकडे आली, तेव्हा हे काम मी मागून घेतलं. त्यांना नवी पद्धत हवी होती. कुणी फोन केला की त्याच्या मोबाईलवर एक लिंक जायची. ती दाबली की कॅमेरा सुरू व्हायचा, आणि तिकडे कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्या बाईला रुग्ण समोर दिसायचा. शेजारी नकाशा, नकाशावर घर, आणि जवळची रुग्णवाहिका हिरव्या ठिपक्यात. म्हणजे दोन पडदे झाले. एक फोन घेणारीच्या टेबलावर, दुसरा घाबरलेल्या माणसाच्या हातात. दोन्ही माझे.

कामाला सुरुवात करण्याआधी मी पंधरा दिवस कंट्रोल रूममध्ये नुसती बसून ऐकलं. घाटकोपरच्या एका बाईंच्या शेजारी माझी खुर्ची असायची. त्यांना सगळे ताई म्हणायचे, मीही म्हणू लागले. बावीस वर्षं फोन घेतलेली बाई. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “लोक पत्ता विसरतात, स्वतःचं नाव विसरतात. पण समोर काही लिहिलेलं असलं ना, की ते वाचतात आणि तसंच करतात. म्हणून जपून लिही.” मी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. माझी एक निळी वही होती, त्यात मी सगळंच लिहायचे.

डॉक्टरांनी आम्हाला सूचनांची यादी दिली होती. अपघात असेल तर हे, भाजलं असेल तर ते, छातीत दुखत असेल तर अमुक, तोंड वाकडं झालं तर तमुक. दोन पानं होती. घाबरलेला माणूस दोन पानं वाचत नाही, हे माझं म्हणणं खरंच होतं. म्हणून मी सगळ्यांसाठी एकच मजकूर ठेवला, सहा शब्दांचा, मोठ्या अक्षरांत, खाली गर्द हिरवी पट्टी. बैठकीत तो दाखवला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमचं घर मढला, कोळीवाड्यात. मी लग्नानंतर गोरेगावला आले, पण दर रविवारी माहेरी जाते. बाबा तांडेल होते, म्हणजे समुद्रात होडी त्यांच्या हुकमावर चालायची. गुडघे गेल्यावर ते ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करू लागले. आई मासे विकते, आजही. पडदे तयार झाल्यावर मी पहिली परीक्षा आईच्या स्वयंपाकघरात घेतली. ती बोंबील साफ करत होती. मी फोन तिच्या पुढ्यात धरून म्हटलं, “बाबा पडलेत असं समज. हे दाब.”

तिने ओल्या अंगठ्याने दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग पदराला बोट पुसून दाबलं, तेव्हा कुठे कॅमेरा सुरू झाला. त्या एका अंगठ्यामुळे मी बटण दुप्पट मोठं केलं आणि ओल्या बोटालाही दाद देईल असं करून घेतलं. ऑफिसात ही गोष्ट मी दहा वेळा तरी सांगितली असेल. कोळणीच्या लेकीचं डिझाइन, वगैरे.

पडद्यावर हिरवी पट्टी आली. आईने ती अक्षर-अक्षर जुळवत वाचली आणि विचारलं, “हलवू नका? आनि होरीत घातला तर?”

आमच्याकडे तशीच रीत आहे. मढला कुणाचं काही बिघडलं, की माणसाला होडीत घालायचं आणि खाडी ओलांडून वर्सोव्याला न्यायचं. वर्सोवा समोरच आहे, पाच-सात मिनिटांत पैलतीर. रस्त्याने जायचं तर वर मालाडला जाऊन, सगळी गर्दी तुडवून पुन्हा खाली उतरायचं, तासभर कुठे गेला नाही. माझा जन्मसुद्धा असाच झाला. आईला कळा सुटल्या आणि चुलत्याने होडी काढली.

मी म्हटलं, “आये, तुमची रीत जुनी झाली. धक्के बसतात, माणूस दगावतो. फोन सांगेल तसं करायचं. आनि पहिला फोन मला नाय करायचा. या नंबरवर करायचा.”

“तुला नाय करायचा?”

“नाय. मी काय डॉक्टर हाय?”

तिने नंबर पाठ केला. दोनदा म्हणूनही दाखवला. बाबा ओट्यावरून हसत होते.

आता नकाशाचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. फोन घेणारीच्या जुन्या पडद्यावर रुग्णवाहिकेशेजारी दोन आकडे होते. एक सरळ रेषेतलं अंतर, दुसरा रस्त्याने लागणारा वेळ. ताईंची नजर दोन्हींमध्ये घुटमळते, असं मला बसून बसून दिसलं होतं. मी दुसरा आकडा काढून टाकला. काढला म्हणजे एका बारीक बाणामागे लपवला. बाण दाबला तर दिसेल. घाईत बाण कोण दाबतो, हे मला कळायला हवं होतं. तेच तर माझं काम.

आमचा प्रोग्रामर मुलुंडचा. डोंगराकडचा माणूस, समुद्र बघायला सुट्टी काढून येणारा. चाचणीच्या आदल्या आठवड्यात तो नकाशा तपासत होता. मला हाक मारून म्हणाला, “ए, हे बघ ना. मढमधून फोन आला तर वर्सोव्याची गाडी दाखवतंय. साडेआठशे मीटर. बरोबर आहे का गं हे?”

मी बघितलंही नाही नीट. म्हटलं, “अरे, समोरच आहे वर्सोवा. माझं अख्खं आयुष्य गेलंय तिथे. तू मला मढ शिकवणार?”

“नाही यार, मी आपलं विचारलं,” तो म्हणाला आणि त्याने पुढचं काम घेतलं.

दुसऱ्या कुणीही त्या नकाशाकडे बघितलं असतं तर मध्ये पाणी दिसलं असतं. मला नाही दिसलं. मी वीस वर्षं ते पाणी ओलांडून शाळा-कॉलेजला गेले. माझ्या लेखी तो रस्ताच होता. वर्सोवा जवळ आहे, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की गाडीला चाकं असतात हेच मी विसरले. मढची मुलगीच हे विसरू शकते.

चाचणी सुरू झाली, अंधेरी ते मालाड एवढ्याच भागात, मढ त्यातच आलं, आणि दोनच टेबलांवर. मी ताईंच्या मागे खुर्ची टाकून बसले. नियम असा होता की बघणाऱ्याने मधे बोलायचं नाही, काय वाटेल ते वहीत लिहायचं. पहिले तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी दुपारी, जेवणं नुकतीच झाली होती, दोन वाजून सतरा मिनिटांनी एक फोन आला. ताईंनी दोन प्रश्न विचारून लिंक पाठवली. आवाज ताईंच्या कानात होता, मला फक्त पडदा दिसत होता. मी वहीत लिहिलं, ‘चार सेकंदांत कॅमेरा सुरू. उत्तम.’

चित्र पहिले तीन सेकंद धूसर दिसायचं. रक्त वगैरे एकदम डोळ्यांवर येऊ नये म्हणून मीच ते तसं ठेवलं होतं. त्या धूसर चित्रात मला आधी एक निळा चौकोन दिसला. मग तो आमच्या घराचा दरवाजा झाला. दरवाजासमोर ओटा, ओट्यावर जाळं, आणि जाळ्यावर आडवे पडलेले बाबा. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजव्या हातात जाळं विणायची सुई अजून अडकलेली होती.

मला धक्का बसला, असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला काहीच झालं नाही. हात वहीवर होता तो तसाच राहिला. माझ्या डोक्यात एवढंच आलं की हे चित्र इथे कसं, आमचं घर माझ्या कामात कसं आलं. ते माझे वडील आहेत हे दिसत होतं, पण ते खरोखर पडले आहेत हे आत शिरत नव्हतं. मला वाटलं कुणीतरी चाचणीसाठी केलंय.

मग मी नकाशाकडे बघितलं. हिरवा ठिपका, साडेआठशे मीटर. आणि मला, देवाशप्पथ, धीर आला. मनात म्हटलं, गाडी जवळ आहे, ताई आहेत, पडदा नीट चाललाय, आता पोचतीलच. मी गप्प बसून राहिले. नियमाने नाही, विश्वासाने.

ताईंनी आवाज खोलीतल्या स्पीकरवर घेतला, मला नोंदी करता याव्यात म्हणून. त्यांना कुठे ठाऊक होतं. चुलत्याचा आवाज आला, धापा टाकत, “वयनी, होरी लावलीय. चौघं हाव. उचलू?”

आईचा हात चित्रात आडवा आला. “नको, नको उचलू. फोनात लिवलंय, हलवू नका. गाडी निघालीय.”

“अगो, पन गाडी येनार कुठून?”

“पोरीनं केलंय ते. तिला कळतं. तू होरी ने.”

पडद्यावर चार माणसांचे पाय दिसले, ते थोडा वेळ घुटमळले आणि मागे सरले. मी बघत होते. माझं वाक्य इतकं चोख काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग ठिपका हलला. उत्तरेला. आकडा नऊशे झाला, मग बाराशे. मला वाटलं ठिपका उडतोय, कधीकधी उडतो. मी चक्क वहीत लिहिलं, ‘ठिपका उडतो, मुलुंडवाल्याला सांगणे.’ ती ओळ आजही वहीत आहे, अक्षर अगदी नीटनेटकं आहे. आकडा दोन हजार झाला. अडीच हजार झाला. तो वाढत होता तरी हिरवाच होता, कारण रंग बदलायची सोय मी केलीच नव्हती.

ताई पुढे वाकून म्हणाल्या, “अगं, गाडी लांब का चाललीय?”

तेव्हा मला पाणी दिसलं. नकाशावर फिकट निळं, घर आणि ठिपका यांच्या मधोमध. ड्रायव्हर त्याच्या फोनवरच्या रस्त्याने निघाला होता, वर मालाडकडे, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. माझ्या वडिलांसाठी निघालेली गाडी माझ्या वडिलांपासून लांब चालली होती आणि मी शेजारी बसून तिचं कौतुक करत होते. मी ताईंच्या डोक्यावरचा हेडफोन अक्षरशः ओढून घेतला. त्यांचे केस त्यात अडकले होते.

“आये, मी बोलतंय.”

“तू? तुला कुनी सांगितलं?”

“ते मागून. बाबांना होरीत घाल. आत्ता.”

“फोन सांगतो हलवू नका.”

“फोनात मीच लिवलंय गो. मी चुकलंय. मी सांगतंय, घाल होरीत.”

तिने लगेच ऐकलं नाही. हे मला सगळ्यात जास्त छळतं. पडद्यावर लिहिलेलं आणि कानात मी, दोन्ही मीच, आणि तिला लिहिलेलं जास्त खरं वाटत होतं. मला तिसऱ्यांदा ओरडावं लागलं. मग तिने चुलत्याला हाक मारली. ताईंनी तोवर दुसऱ्या फोनवर गाडी परत फिरवून वर्सोव्याच्या जेटीला लावायला सांगितली होती. ही माणसं माझी कोण, हे त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

आईने कॅमेरा बंद केलाच नाही. तिला वाटलं असेल, तोही चालू ठेवायचा असतो. त्यामुळे मी पुढचं सगळं बघितलं. आभाळ, कुणाचा तरी दंड, होडीची कड, पाणी, पुन्हा आभाळ. इंजिनाचा आवाज. मधेच एकदा बाबांचा उघडा डोळा, अगदी जवळून. तो माझ्याकडेच बघत होता असं वाटलं, पण त्यांना तर फोनची पाठ दिसत असणार, आणि पडद्यावर आईसमोर फक्त हिरवी पट्टी. रुग्णाला हलवू नका. खाडीभर ती तशीच होती.

अंधेरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कधी सुरू झालं?” आई म्हणाली, घड्याळ नाही बघितलं. मी म्हणाले, “फोन दोन सतराला आला. होडीत घातलं दोन एकतीसला.” डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, “इतकं नेमकं?” मी निळी वही दाखवली. मधल्या चौदा मिनिटांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले की मेंदूच्या बाबतीत मिनिटं महाग पडतात, आणि आत गेले.

बाबा वाचले. उजवा हात गेला, वाचाही गेली. चौदा मिनिटं आधी आणलं असतं तर किती राहिलं असतं, हे मी नंतर तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनीही सांगितलं की असं सांगता येत नाही. मला वाटतं तिघं चांगली माणसं होती.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच हकीकत सांगायची. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून, मासळीबाजारात बोलते त्याच आवाजात. “होरी दारात व्हती. चार माणसं व्हती. मीच परत धाडली. म्हटलं, माझ्या पोरीनं लिवलंय, हलवू नका. आनि बघा, गाडीच्या आधी पोरच आली फोनात.” तिला त्याचा अभिमान होता. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चार दिवस ते ऐकून घेतलं, कारण मी भित्री आहे.

ऑफिसात गेले तेव्हा रस्त्याचा वेळ पडद्यावर परत आला होता, मोठा, लाल अक्षरांत. मुलुंडवाल्याने रात्रीतून केलं होतं. त्याने मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो चहा घेऊन आला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “साखर कमी आहे.” त्याने विचारलं होतं आणि मी त्याला गप्प केलं होतं, हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

बाबांना घरी आणल्यावर पहिल्या रविवारी मी आईला सगळं सांगितलं. आकडा लपवला होता, मध्ये पाणी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही, डॉक्टरांची दोन पानं मी सहा शब्दांत कोंबली, तू बरोबर विचारलं होतंस आणि मी तुला जुनाट म्हटलं. ती बाबांना पेज भरवत होती. मी बोलत असताना तिचा चमचा एकदा थांबला. मला वाटलं आता ती बोलेल, शिव्या देईल, फटकळ तोंडाने ती जगाला देते तशा. मला त्या हव्या होत्या.

तिने पुढचा चमचा भरला. पुढचे दोन रविवार ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. जाळं ओट्यावरून उचलून आत ठेवलं होतं, सुई त्यातच होती.

त्यानंतरच्या रविवारी मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. फोन तिच्या हातात होता. नवीन मजकूर लिहायचं काम ऑफिसने पुन्हा माझ्याकडेच दिलं होतं आणि मी ते नाकारणार होते, हे मी तिला आदल्या रविवारी भिंतीला सांगावं तसं सांगितलं होतं. ती ऐकत नव्हती अशी माझी समजूत होती.

“तूच लिव,” ती म्हणाली.

“आये, माझ्याच्यानं नाय व्हनार.”

“मंग कोन लिवनार? ज्याला खाडी म्हायती नाय तो?” तिने फोन माझ्या हातात दिला आणि दाराशी खुर्चीत बसवलेल्या बाबांच्या तोंडाची कड पदराने पुसली. “या खेपेला बरोबर लिव. तू लिवशील तसंच मी करनार हाय.”